पायथन स्क्रिप्ट चालवताना येणाऱ्या डेप्रिकेशन वॉर्निंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे. वाशीच्या बाजारातले अडते, तुर्भ्याचे ट्रान्सपोर्टवाले आणि ऐरोलीतल्या दोन-तीन सोसायट्या यांच्यासाठी आम्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लहान स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, लिहितो. कुणाला हिशोबपट्टी छापायची असते, कुणाला गेटपास, कुणाला मेंटेनन्सची बिलं. कुठल्याही मशीनवर पायथनची आवृत्ती बदलली की दुसऱ्या दिवशी फोन येतो: "स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी आलंय, पुढे जाऊ की थांबू?" असे फोन आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न, यांतून हे पान तयार झालं.

कमांड इथे आम्ही फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. 'डब्ल्यू' म्हटलं की कॅपिटल डब्ल्यू समजावा, पर्यावरण-चलांची (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग) नावं पूर्ण कॅपिटलमध्ये.

डेप्रिकेशन वॉर्निंग आली म्हणजे माझी स्क्रिप्ट बिघडली का?

नाही. स्क्रिप्ट चालली, काम झालं, निकालही आला. वॉर्निंग एवढंच सांगते की तुम्ही वापरलेली एखादी सोय पुढे काढून टाकायचं ठरलं आहे किंवा ती वापरू नये असं ठरलं आहे. आज चालते, पुढच्या एखाद्या आवृत्तीत चालणार नाही.

मुदत लहान नसते. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि एखादी गोष्ट काढण्याआधी किमान दोन आवृत्त्या तरी इशारा द्यायचा, असा नियम आहे. कित्येकदा त्याहून खूप जास्त वेळ मिळतो. 'इम्प' नावाचं मॉड्यूल (पायथनबरोबर येणारा तयार कोडचा एक भाग) ३.४ मध्ये, म्हणजे २०१४ साली, कालबाह्य ठरवलं गेलं आणि प्रत्यक्षात गेलं ते २०२३ च्या ३.१२ मध्ये. नऊ वर्षं इशारा मिळूनही ३.१२ आल्यावर अनेकांच्या स्क्रिप्ट 'असं मॉड्यूलच नाही' म्हणून थांबल्या. इशारा दिला जात होता, पण तो कुणाच्या नजरेला पडत नव्हता. तसं का झालं, ते पुढच्या उत्तरात.

मग ती कधी दिसते, कधी दिसत नाही. असं का?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर खालचे निम्मे प्रश्न पडणार नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

डेप्रिकेशनवॉर्निंग ही कोड लिहिणाऱ्याला उद्देशून आहे. गाळ्यावर बसून स्क्रिप्ट चालवणाऱ्या दिवाणजींना तिचा काही उपयोग नाही. वाचून ते काय करणार? म्हणून पायथन २.७ आणि ३.२ पासून ही वॉर्निंग मुळातच लपवलेली असते. पण सगळ्यांपासूनच लपवल्यामुळे लिहिणाऱ्यांनाही ती दिसेनाशी झाली. मग २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत मधला मार्ग काढला: जी फाइल तुम्ही थेट चालवता, जिला पायथन 'मेन' म्हणतं, तिच्यातल्या ओळीमुळे वॉर्निंग आली तर दाखवायची, आयात केलेल्या लायब्ररीच्या, म्हणजे स्क्रिप्टने बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या, आतल्या ओळीमुळे आली तर लपवायची. थेट फाइल चालवणारा माणूस बहुधा ती लिहिणाराच असतो, असा त्यामागचा अंदाज आहे.

आमच्या कामात हा अंदाज नेमका चुकतो. स्क्रिप्ट लिहितो आम्ही आणि थेट चालवतात दिवाणजी. त्यामुळे आमच्या नावाची चिठ्ठी त्यांच्या हातात पडते. वॉर्निंग दाबायची की नाही हा प्रश्न खरं तर ती कुणाला दिसायला हवी, असा आहे. दिवाणजींच्या स्क्रीनवरून ती जायलाच हवी. आमच्यापर्यंत मात्र पोचायलाच हवी.

घाईत आहे. एकदा चालवताना बंद कशी करू?

पायथन -डब्ल्यू इग्नोर::डेप्रिकेशनवॉर्निंग पट्टी.पीवाय

'इग्नोर'नंतर दोन कोलन लागोपाठ येतात. पूर्ण मांडणी अशी असते: कृती, संदेश, प्रकार, मॉड्यूल, ओळ क्रमांक, आणि प्रत्येकाच्या मध्ये कोलन. आपण संदेशाची जागा रिकामी सोडतो म्हणून दोन कोलन एकत्र दिसतात. एकच कोलन दिलात तर पायथन 'डेप्रिकेशनवॉर्निंग' या शब्दालाच संदेशाचा मजकूर समजतं आणि काहीच दाबलं जात नाही. फोनवर सांगताना सगळ्यात जास्त वेळा चुकणारी जागा हीच.

हे लिहिलं, तरी वॉर्निंग येतेच आहे.

आधी डब्ल्यू कुठे लिहिला ते बघा. तो स्क्रिप्टच्या नावाच्या आधी यायला हवा. नावानंतर लिहिलेलं सगळं पायथन तुमच्या स्क्रिप्टच्या हवाली करतं, स्वतः त्याकडे बघत नाही.

तो बरोबर असेल तर वॉर्निंगची ओळ शेवटपर्यंत वाचा. तिचा साचा ठरलेला असतो: फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक, कोलन, प्रकार, कोलन, संदेश. त्यातला प्रकार बघा. नावात 'डेप्रिकेशन' असलं म्हणजे ती डेप्रिकेशनवॉर्निंगच असेल, असं नाही. क्रिप्टोग्राफी लायब्ररीची 'क्रिप्टोग्राफीडेप्रिकेशनवॉर्निंग' आणि नमपायची 'व्हिजिबलडेप्रिकेशनवॉर्निंग' या दोन्ही 'यूजरवॉर्निंग'च्या पोटातल्या आहेत. लोकांना दिसावी म्हणून मुद्दाम तसं केलेलं आहे. त्यामुळे वरची कमांड त्यांना लागूच होत नाही. पॅरामिको ही लायब्ररी वापरून दुसऱ्या सर्व्हरवर फाइल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ट्रिपल डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीबद्दल जी ओळ येते, ती याच जातीची.

अशा परक्या प्रकाराचं नाव कमांड लाइनवर देण्यापेक्षा स्क्रिप्टच्या आत फिल्टर लिहिणं खात्रीचं. किंवा कमांड लाइनवर प्रकार न देता संदेशाची सुरुवात द्या.

आणि ओळ त्या साच्यातली नसेलच, तर ती पायथनच्या वॉर्निंग यंत्रणेतून आलेली नाही. एखाद्या लायब्ररीने ती स्वतःच छापली आहे किंवा लॉगमधून आली आहे. तिथे डब्ल्यूचा काही उपयोग नाही.

दर वेळी टाइप करायला नको. कायमचं कसं करता येईल?

'पायथनवॉर्निंग्ज' नावाचं पर्यावरण-चल आहे, सगळी अक्षरं कॅपिटल, मध्ये जागा नाही. त्यात डब्ल्यूनंतर जे लिहितो तेच लिहायचं. एकाहून जास्त नियम असतील तर मध्ये स्वल्पविराम द्यायचा. दोन्ही दिलं तर कमांड लाइनवरचा डब्ल्यू वरचढ ठरतो.

लिनक्सवर हे लॉगिनबरोबर आपोआप वाचल्या जाणाऱ्या शेलच्या फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवू नका. तसं केलं की त्या खात्यातून चालणाऱ्या प्रत्येक पायथन प्रोग्रामला ते लागू होतं, तुम्ही उद्या लिहाल त्यालासुद्धा. एका स्क्रिप्टपुरतं हवं असेल तर दोन ओळींची शेल फाइल करा: तिच्यात हे चल ठरवा, खाली स्क्रिप्ट चालवा. आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांकडे असंच देतो. डेस्कटॉपवरचं चिन्ह त्या फाइलला जोडलेलं असतं आणि दिवाणजींना काहीच टाइप करावं लागत नाही.

विंडोजच्या बॅच फाइलमध्ये 'सेट'नंतर बरोबरच्या चिन्हाच्या आधी जागा सोडू नका. सोडलीत तर ती जागाही चलाच्या नावात जाते आणि पायथनला ते सापडत नाही. लिनक्सवर सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, चालवलेल्या स्क्रिप्टलाही हे चल सहसा पोचत नाही, कारण सुडो पर्यावरण साफ करून पुढे देतो. तिथे डब्ल्यू वापरा.

स्क्रिप्टच्या आतच लिहायचं असेल तर?

वॉर्निंग्ज मॉड्यूल आयात करून 'फिल्टरवॉर्निंग्ज' हे फंक्शन वापरा. कृती 'इग्नोर', संदेशाची सुरुवात आणि प्रकार, हे तिन्ही द्या. 'सिम्पलफिल्टर' त्याहून आखूड आहे, पण त्यात संदेश देता येत नाही, म्हणून आम्ही ते फार क्वचित वापरतो.

यात एक फरक अनेकांना अडवतो. कमांड लाइनवर दिलेला संदेश साधा मजकूर म्हणून जुळवला जातो. स्क्रिप्टच्या आत दिलेला संदेश मात्र रेग्युलर एक्स्प्रेशन असतो, म्हणजे काही चिन्हांना खास अर्थ असलेला मजकुराचा साचा. संदेशात कंस असले, उदाहरणार्थ 'यूटीसीनाऊ' पुढचे रिकामे कंस, तर त्यांच्या आधी बॅकस्लॅश हवा. नाहीतर कंसांचा अर्थ 'गट' असा घेतला जातो आणि फिल्टर गपचूप निकामी होतो. दोन्हीकडे संदेश सुरुवातीपासून जुळतो. मधलाच तुकडा देऊन चालत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. फिल्टर घालण्याआधी 'सिस' मॉड्यूलमधली 'वॉर्नऑप्शन्स' ही यादी रिकामी आहे का ते तपासा, आणि रिकामी असेल तरच फिल्टर घाला. आतला फिल्टर बाहेरच्या डब्ल्यूपेक्षा वरचढ असतो. ही तपासणी नसेल तर वॉर्निंग बघण्यासाठी तुम्ही बाहेरून कितीही सांगा, स्क्रिप्ट ऐकणार नाही. ही एक ओळ असेल तर रोजच्या वापरात शांतता राहते आणि आम्ही डब्ल्यू देऊन चालवलं की सगळं दिसतं.

सरळ सगळ्याच वॉर्निंग बंद केल्या तर काय बिघडतं? एका ओळीचं तर काम आहे.

हे मी स्वतः केलं आहे, त्यामुळे काय बिघडतं ते नीट सांगू शकतो.

वाशीच्या भाजीबाजारातल्या एका गाळ्यासाठी हिशोबपट्टीची स्क्रिप्ट लिहिली होती. शेतकऱ्याचा माल किती आला, काय भावाने गेला, हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हातात किती, हे सगळं त्या पट्टीवर येतं. तारीख घेण्यासाठी मी डेटटाइममधलं 'यूटीसीनाऊ' वापरलं होतं. ते आपली वेळ न देता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देतं. स्क्रिप्ट सकाळी दहाच्या सुमारास हाताने चालायची आणि तारीख बरोबर यायची.

त्या मशीनवर ३.१२ आली. याच आवृत्तीपासून 'यूटीसीनाऊ' कालबाह्य ठरवलं आहे, त्यामुळे रोज वॉर्निंग दिसू लागली. दिवाणजींचा फोन आला. मी लोकलमध्ये होतो. संध्याकाळी बसलो आणि फाइलच्या माथ्यावर 'सिम्पलफिल्टर, इग्नोर' एवढंच लिहून मोकळा झालो. संदेश वाचलाच नाही.

पुढे गाळ्यावरून सांगणं आलं की पट्टी पहाटेच तयार हवी, टेम्पो परत निघतो त्याच्याबरोबर शेतकऱ्याला पाठवता येते. मी साडेचारची वेळ लावून दिली. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे साडेचारला यूटीसीमध्ये आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. जवळजवळ आठवडाभर प्रत्येक पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली. जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याने फोन करून विचारलं, "माझा माल मंगळवारी आला, पट्टी सोमवारची कशी?" सोमवारचा आणि मंगळवारचा भाव वेगळा होता, त्यामुळे त्याचा संशय अगदी रास्त होता. पैसे बरोबर होते, पण ते त्याला पटवून देण्यात गाळ्यावाल्यांची एक अख्खी सकाळ गेली. बाजारात विश्वास कमवायला किती वर्षं लागतात हे त्यांना मला सांगावं लागलं नाही.

वॉर्निंगने माझी चूक थेट सांगितली नव्हती, हे खरं. तिने एवढंच म्हटलं होतं की हे फंक्शन वापरू नका, टाइमझोन स्पष्ट लिहिलेली वेळ वापरा. पण तिने बोट ठेवलं होतं ते नेमकं त्याच ओळीवर. मी ती वाचली असती तर 'झोनइन्फो' घेऊन 'एशिया स्लॅश कोलकाता' लिहिलं असतं, आणि स्क्रिप्ट किती वाजता चालते याने काही फरक पडला नसता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: प्रकार आणि संदेश हे दोन्ही लिहिल्याशिवाय 'इग्नोर' कुठल्याही स्क्रिप्टमध्ये ठेवायचा नाही.

फिल्टर लिहिला आहे, प्रकारही बरोबर आहे, पण लायब्ररी आयात करतानाच वॉर्निंग येते.

फिल्टर आयातीच्या खाली लिहिला असणार. वॉर्निंग आयात होतानाच येऊन गेली, फिल्टर नंतर लागला. तो त्या आयातीच्या वर न्या. आयात माथ्यावर नाही म्हणून लिंटर (कोडची मांडणी तपासणारं साधन) तक्रार करेल. तेवढ्या ओळीपुरती ती मान्य करा.

वर नेऊनही येत असेल तर ती लायब्ररी स्वतःच फिल्टर घालते का ते पाहा. फिल्टरांची यादी वरून खाली वाचली जाते आणि शेवटी घातलेला फिल्टर सगळ्यात वर बसतो. लायब्ररीने तुमच्यानंतर घातलेला तुमच्या डोक्यावर जातो. अशा वेळी आयातीनंतर तुमचा फिल्टर पुन्हा घाला.

मॉड्यूलचं नाव दिलं, तरी त्या मॉड्यूलची वॉर्निंग थांबत नाही.

यात घोटाळा होणं साहजिक आहे. मॉड्यूलच्या जागी वॉर्निंग देणाऱ्याचं नाव द्यायचं असं वाटतं. पण जुळवलं जातं ते वॉर्निंग ज्याच्या नावावर लागली त्याचं नाव, म्हणजे बहुधा जुनं फंक्शन बोलावणाऱ्याचं. चांगल्या लायब्ररी 'स्टॅकलेव्हल' देऊन बोट बोलावणाऱ्या ओळीकडे वळवतात. तेव्हा वॉर्निंगच्या सुरुवातीला ज्या फाइलचं नाव दिसतं, त्या फाइलचं मॉड्यूल द्या. शिवाय कमांड लाइनवर नाव पूर्ण आणि तंतोतंत हवं. 'पॅरामिको' लिहून 'पॅरामिको डॉट ट्रान्सपोर्ट' जुळत नाही.

गाडीच्या नंबरच्या ओळीवर बॅकस्लॅशची वॉर्निंग येते. फाइलमध्ये फिल्टर अगदी पहिल्या ओळीवर आहे, तरी!

हा प्रश्न तुर्भ्याच्या एका गेटपासच्या स्क्रिप्टवरून आला. एमएच ०४ म्हणजे ठाणे आणि एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, अशा गाड्या वेगळ्या काढायच्या होत्या. नंबर ओळखण्यासाठी साध्या अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश-डी लिहिलं होतं.

पायथनला बॅकस्लॅश-डी हा अक्षरसंकेत माहीत नाही. तो तसाच ठेवला जातो, म्हणून स्क्रिप्ट चालते. ३.६ पासून यावर डेप्रिकेशनवॉर्निंग होती, ३.१२ पासून ती 'सिंटॅक्सवॉर्निंग' झाली आणि म्हणूनच आता सगळ्यांना दिसू लागली. ही वॉर्निंग फाइल वाचून तिचं भाषांतर होत असतानाच येते. त्या क्षणी तुमच्या फाइलमधली एकही ओळ चाललेली नसते, पहिल्या ओळीवरचा फिल्टरसुद्धा. त्यामुळे फाइलच्या आतून ती दाबताच येत नाही.

आणि दाबूही नका. अवतरणचिन्हाच्या आधी एक 'आर' लिहा, वॉर्निंग कायमची गेली. विंडोजवरचे फोल्डरचे पत्ते लिहितानाही हेच करा. तिथे बॅकस्लॅश-एन किंवा बॅकस्लॅश-टी आलं तर वॉर्निंगही येत नाही, कारण ते संकेत वैध आहेत. थेट चुकीचा पत्ता तयार होतो.

एरर आउटपुटच रद्दीत टाकलं तर? दोन, 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, डेव्ह नल.

करू नका. वॉर्निंग त्या वाटेने जाते हे खरं, पण खऱ्या चुकांचे ट्रेसबॅकही (चूक कुठे झाली त्याचा तपशील) त्याच वाटेने येतात. स्क्रिप्ट मध्येच मोडली तर स्क्रीन कोरी राहील आणि दिवाणजींना वाटेल काम झालं.

या वाटेचा एक फायदाही लक्षात घ्या. स्क्रिप्टचा निकाल फाइलमध्ये वळवला असेल तर वॉर्निंग त्या फाइलमध्ये मिसळत नाही, कारण ती वेगळ्या वाटेने जाते. दोन्ही वाटा मुद्दाम एकत्र केल्या असतील तरच सीएसव्ही खराब होते.

क्रॉन रोज वॉर्निंगची मेल पाठवतो.

क्रॉन म्हणजे लिनक्सवर ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय. त्याला स्क्रिप्टने काहीही छापलेलं दिसलं की तो मेल करतो. क्रॉनटॅबच्या वरच्या भागात 'पायथनवॉर्निंग्ज' चल लिहिता येतं, किंवा त्या ओळीत डब्ल्यू देता येतो. पण आम्ही तिथे वॉर्निंग दाबत नाही, खालच्या उत्तराप्रमाणे लॉगमध्ये वळवतो. रोज तीच मेल आली की माणूस ती उघडायचं सोडतो, आणि मग खरी चूक झालेल्या दिवशीची मेलही न वाचता जाते. तेव्हा मेल शांत करणं गरजेचंच आहे, मजकूर मात्र कुठेतरी साठला पाहिजे.

लॉगमध्ये कशी वळवू?

लॉगिंग मॉड्यूलमधलं 'कॅप्चरवॉर्निंग्ज' हे फंक्शन 'ट्रू' देऊन बोलवा. त्यानंतर सगळ्या वॉर्निंग स्क्रीनवर न जाता 'पीवाय डॉट वॉर्निंग्ज' नावाच्या लॉगरकडे जातात. त्या लॉगरला फाइल जोडून द्या. लायब्ररीच्या आतल्याही टिपायच्या असतील तर डेप्रिकेशनवॉर्निंगसाठी 'डीफॉल्ट' कृतीचा फिल्टर घाला. मग प्रत्येक जागेची वॉर्निंग दर खेपेला एकदा नोंदली जाईल.

माझ्या मते या पानावरचं सगळ्यात उपयोगी उत्तर हेच आहे. दिवाणजींची स्क्रीन स्वच्छ राहते आणि महिन्यातून एकदा आम्ही ती फाइल मागवून वाचतो. आमच्या नावाची चिठ्ठी आमच्या हातात येते.

माझ्याकडे वॉर्निंग दिसते, पण पिपने बसवलेल्या कमांडमधून चालवलं की नाही. म्हणजे सुटलं का?

सुटलं नाही, लपलं. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन, जी कमांड तयार करतो ती एक छोटी फाइल असते. 'मेन' ती असते आणि तुमचा कोड तिने आयात केलेला असतो. आयात केलेल्या कोडमधली डेप्रिकेशनवॉर्निंग मुळातच लपवली जाते, हे वर आलंच.

एका स्क्रिप्टमधून दुसरी चालवतो. पहिलीत फिल्टर आहे, दुसरीची वॉर्निंग येते.

दुसरी स्क्रिप्ट ही वेगळी प्रक्रिया आहे. पहिलीच्या आतले फिल्टर तिला माहीत नसतात. पर्यावरण-चल मात्र वारशाने पुढे जातं, म्हणून अशा ठिकाणी तेच वापरा.

काही ओळींपुरतीच वॉर्निंग दाबायची आहे.

'कॅचवॉर्निंग्ज' हे 'विथ' बरोबर वापरा आणि आत फिल्टर घाला. ब्लॉक संपला की जुने फिल्टर परत येतात. ३.११ पासून कृती आणि प्रकार थेट त्याच्याच कंसात देता येतात. अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) चालवत असाल तर जपून, कारण फिल्टरांची यादी सगळ्या थ्रेडमध्ये सामाईक असते आणि एकाने बदललेली दुसऱ्याला लागू होते. तिथे सुरुवातीलाच एकदा फिल्टर घालणं बरं.

फ्यूचरवॉर्निंग पण तशीच दाबू का?

ती वापरणाऱ्याला उद्देशून असते आणि मुळातच सगळ्यांना दिसते. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत हिचा अर्थ बहुधा असा असतो की तीच ओळ पुढे वेगळा निकाल देईल किंवा चालणारच नाही. हिशोबाच्या स्क्रिप्टमध्ये आम्ही ही कधीच दाबत नाही, आली त्याच आठवड्यात दुरुस्त करतो. तसंच यूआरएललिब३ ची 'इनसिक्युअररिक्वेस्टवॉर्निंग'. प्रमाणपत्र न तपासता जोडणी केली आहे हे ती सांगते. ती दाबण्याची कमांड शोधण्याऐवजी प्रमाणपत्राची तपासणी चालू करा.

वॉर्निंग नक्की कुठून येते ते कसं शोधू?

कृती 'एरर' द्या:

पायथन -डब्ल्यू एरर::डेप्रिकेशनवॉर्निंग पट्टी.पीवाय

आता वॉर्निंगची चूक होते, स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पूर्ण ट्रेसबॅक मिळतो. कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं ते ओळीने दिसतं. हे फक्त आपल्या मशीनवर करा, गिऱ्हाइकाकडे नाही. लायब्ररींच्या वॉर्निंगवरही ती थांबेल, तेव्हा थांबू नये पण सगळं दिसावं असं हवं असेल तर 'एरर'च्या जागी 'डीफॉल्ट' द्या. चाचण्या लिहिल्या असतील तर काम आणखी सोपं: चाचण्या चालवणारं पायटेस्ट शेवटी वॉर्निंगची यादी स्वतःहून देतं.

माझ्या स्क्रिप्टचा एक जुना पर्याय मला बंद करायचा आहे. वापरणाऱ्यांना कसं कळवू?

डेप्रिकेशनवॉर्निंग देऊ नका. कमांड बसवून वापरणाऱ्याला ती दिसणारच नाही. आर्गपार्समध्ये (कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारं मॉड्यूल) ३.१३ पासून पर्याय जोडताना 'डेप्रिकेटेड' ट्रू देता येतं, म्हणजे तो पर्याय वापरला की सूचना छापली जाते. त्याआधीच्या आवृत्तीवर साधी ओळ एरर आउटपुटवर छापा. आम्ही ती मराठीत छापतो: "हा पर्याय दिवाळीनंतर बंद होईल, त्याऐवजी अमुक वापरा." एकाही दिवाणजींचा त्याबद्दल फोन आलेला नाही.

दुरुस्ती आत्ता शक्य नाही, लायब्ररीवालेच नवी आवृत्ती काढत नाहीत. फिल्टर घालून ठेवू ना?

ठेवा. मात्र फिल्टरच्या वर तीन गोष्टी लिहा: कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीमुळे घातला, कधी घातला, आणि कोणत्या पायथनपर्यंत हे चालेल. शेवटची गोष्ट बहुतेक वेळा वॉर्निंगच्या संदेशातच दिलेली असते.

त्यापेक्षा जुनी पायथनच ठेवली तर?

काही काळ ठेवता येते. प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात; ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. ज्या मशीनवरून बँकेच्या किंवा जीएसटीच्या फाइली जातात, तिथे मुदत संपलेली आवृत्ती आम्ही ठेवत नाही. गाळ्यावरच्या त्या मशीनवर सध्या ३.१३ आहे. वॉर्निंगची लॉग फाइल आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मागवतो, आणि पट्टीवर तारखेच्या शेजारी आता वेळही छापतो.